गळ्याचा शेवटचा टाका

विणकाम शिकायला येणाऱ्या बायकांचे मी तीन प्रकार पाडले आहेत. पहिल्या, नातवंड होणार म्हणून टोपी-मोजे शिकायला येणाऱ्या सासवा. त्या बारशापर्यंत येतात आणि नंतर गल्लीतून जाताना मान फिरवतात. दुसऱ्या, मोबाईलवर बघून स्वेटर सुरू करणाऱ्या मुली. मोबाईल सरळ विणायला छान शिकवतो, पण बाहीचा मुंढा आला की व्हिडिओतली बाई भराभर काहीतरी बोलून पुढे निघून जाते आणि या अर्धा स्वेटर घेऊन माझ्या दारात. तिसऱ्यांना घरात करमत नाही. त्या विणत नाहीत, बोलतात.

म्हाळसाबाई यांपैकी कशातच बसल्या नाहीत, म्हणून त्यांची गोष्ट सांगते.

मी गीताबाई. शिरूरच्या बाजारपेठेमागच्या गल्लीत राहते. शाळेत शिवण शिकवून निवृत्त झाले आणि तेव्हापासून पुढच्या खोलीत मंगळवार-शुक्रवार विणकामाचा वर्ग घेते. माझी जीभ तिखट आहे असं म्हणतात. असेल. माझ्याकडे चुकलेला टाका उसवावाच लागतो, आणि उसवताना जी रडते तिची मी समजूत काढत बसत नाही. अर्धवट काम मला बघवत नाही. हा माझा गुण की खोड, ते पुढे कळेलच.

श्रावण संपता संपता एका मंगळवारी म्हाळसाबाई दारात उभ्या राहिल्या. वय पंचावन्नच्या आसपास, नऊवारी लुगडं, पायात पुरुषी चपला, काखेत कांद्याच्या बियाण्याची पिशवी. आत या म्हटलं तर उंबऱ्याशीच बसल्या. पिशवीतून त्यांनी टॉवेल काढला आणि टॉवेलातून विणकाम. स्वेटरची पाठ होती. तपकिरी लोकर, खाली चार बोटं पट्टी, वर साधं विणकाम, मुंढ्यापर्यंत आणलेलं. टाके दहा नंबरच्या सुईवर तसेच होते, आणि घसरू नयेत म्हणून सुईच्या टोकाला स्लिपरच्या रबराचा तुकडा खोचलेला. पिशवीच्या तळाशी त्याच लोकरीचे गुंडे होते.

"कुणी विणलंय?" मी विचारलं.

"त्ये ऱ्हाऊ द्या. हितनं वर कसं न्यायचं त्येवढं शिकवा."

असली उत्तरं मला चालत नाहीत. मी तुकडा खिडकीच्या उजेडात धरला, आणि माझं मलाच कळलं. माणसाचं अक्षर ओळखू येतं तसा विणणारीचा हात ओळखू येतो. हा हात सैल होता, आणि प्रत्येक सुलट टाक्याला बारीकसा पीळ होता. टाका पुढून घ्यायचा तो मागून घेतला की असा पीळ पडतो. शेकडो मुली हाताखालून गेल्या, पण ही खोड फक्त एकीची. मी रागावून थकले होते आणि तिनं हसून हसून तेच चालू ठेवलं होतं.

"तुम्ही धनश्रीच्या आई."

त्यांनी मान हलवली. मग हळूच म्हणाल्या, "तिचं नाव तुमी घ्या, बाई. मला घेता येत न्हाई."

पुढचं सगळं त्यांनी एका दमात सांगितलं नाही. चार महिन्यांत, टाके मोजता मोजता, तुकड्यातुकड्यानं सांगितलं. मी सलग सांगते.

म्हाळसाबाई न्हावऱ्याच्या. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. दिवाळी झाली की वाडा, म्हणजे मेंढरं आणि बिऱ्हाड, घेऊन कोकणात उतरायचं आणि पावसाच्या तोंडाला वर यायचं. धनश्री अशीच वाटेवर, घाटाच्या पायथ्याशी झाली. पुढे चराईची रानं संपली, मेंढरं विकली, थोडी जमीन घेतली, ऊस लावला, दोन म्हशी बांधल्या. भैरूआबा, म्हणजे म्हाळसाबाईंचे यजमान, पायाला भिंगरी असलेला माणूस, पण पोरगी शिकावी म्हणून एका जागी बसला. धनश्री एसटीच्या पासवर शिरूरला कॉलेजात यायची आणि कॉलेज सुटल्यावर माझ्याकडे. बापासाठी स्वेटर विणायचं तिच्या मनात होतं. उसाला पाण्याची दारं धरताना घोंगडी खांद्यावरून घसरते आणि भिजली की जड होते, म्हणून. लोकरीचा रंग तिनंच निवडला होता. आमच्या मेंढरांत एक अशी होती, म्हणाली होती.

पाठ मुंढ्यापर्यंत झाली आणि धनश्री एका सकाळी घरातून गेली. दौंडच्या रोहनबरोबर. रोहन तेव्हा रांजणगावला कंपनीत होता आणि गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकल लावून तिची वाट बघायचा. मी पाहिलं होतं. भाऊ असेल असं मी स्वतःला सांगितलं होतं. खोटं कशाला बोलू, भाऊ गाडीच्या आरशात बघून केस नीट करत नाही, एवढं मलाही कळत होतं. जात वेगळी, घरी विचारायची सोयच नव्हती. दोघांनी कचेरीत लग्न केलं. त्यानंतर भैरूआबा आमच्या गल्लीत येऊन ओरडून गेले होते, "हितं इणकाम शिकवत न्हाईत, पोरी पळवायला शिकवत्यात!" मी दार उघडलं नव्हतं. घाबरले होते, आणि थोडं खरंही वाटलं होतं.

त्याच वर्षी मार्गशीर्षात, चंपाषष्ठीला घरात तळी उचलली तेव्हा भैरूआबांनी भंडाऱ्याची वाटी बायकोपुढे सरकवली. "तिच्याशी बोलणार न्हाई, तिचं त्वांड बघणार न्हाई, तिचं नाव घेणार न्हाई. उचल भंडारा." म्हाळसाबाईंनी उचलला. भंडारा उचलणं म्हणजे कोर्टातली शपथ नव्हे, की साक्ष संपली आणि चहा प्यायला बाहेर आलं. खंडोबाच्या हळदीवर दिलेला शब्द त्यांच्यात मोडत नाहीत. आणि भैरूआबांनी स्वतः? त्यांनी भंडाऱ्याला हात लावला नाही. "माझ्यासाठी ती मेली," असं नुसतं तोंडानं बोलले. शपथ बायकोला आणि राग आपल्याला, ही पुरुषांची सोय जुनी आहे. मी तसं म्हाळसाबाईंना बोलूनही दाखवलं.

"त्यांचं असू द्या," त्या म्हणाल्या. "माझं मी उचललंय."

आठ वर्षं झाली त्याला. न्हावऱ्याहून दौंड एसटीनं दीड तास. दौंडची गाडी रोज त्यांच्या फाट्यावर थांबते. त्या शिरूरच्या गाडीची वाट बघत उभ्या असतात तेव्हा समोर दौंडची पाटी लावून एसटी येते, माणसं चढतात, उतरतात, आणि गाडी निघून जाते. दर दिवाळीला धनश्रीचा फोन येतो. म्हाळसाबाई फोन कानाला लावतात आणि बोलत नाहीत. ऐकणार नाही असं त्या कुठं म्हणाल्या होत्या? पलीकडून लेक बोलते, बोलते, मग तीही गप्प होते. दोघी तशाच कानाला फोन लावून उभ्या राहतात.

"मग आत्ताच हा स्वेटर का काढलात?" मी विचारलं होतं.

मागच्या थंडीत भैरूआबांना निमोनिया झाला होता. दवाखान्यातून घरी आणले तेव्हा अंगावरचा सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता. "मला भ्या वाटलं, बाई," त्या म्हणाल्या. "हा मानूस असाच जाईल. तिनं ह्यांच्यासाठी घातलेलं टाकं पेटीत ऱ्हातील. एकदा, जितेपणी, तिचा हात ह्यांच्या पाठीला लागावा. दुसरं काय मागत न्हाई मी."

घरी त्या सांगून येत, घोडनदीला डोळे दाखवायला चालले. जुनी माणसं अजून शिरूरला घोडनदीच म्हणतात.

शिकवायला सुरुवात केली आणि पहिल्याच दिवशी आमचं वाजलं. मुंढ्याला दोन्ही बाजूंचे टाके बंद करायचे, मग एकाआड एक ओळीत दोन टाक्यांचा एक करत घटवत न्यायचं, हे मी सांगितलं. म्हाळसाबाईंनी सुया खाली ठेवल्या.

"कमी कशापाय करायचं?"

"खांद्याला रुंदी कमी लागते म्हणून."

"घोंगडीला कुठं कमी करत्यात?"

"माणूस काय घोंगडी आहे का, म्हाळसाबाई? त्याला हात असतात, मान असते. सरळ विणत गेलात तर पोतं होईल."

तरी त्यांचा हात धजेना. तिनं घातलेले टाके आपण कमी करायचे, हेच त्यांना खुपत होतं. मग मी त्यांना भैरूआबांचं माप आणायला सांगितलं. टेप दिली तर म्हणाल्या, टेप बघितली की त्ये इचारतील. पुढच्या शुक्रवारी माप आणलं ते विती-बोटांत. खांद्याला तेल चोळता चोळता मोजलं होतं. मी त्यांच्या वितीला टेप लावली, हिशेब केला आणि पाठीवर धरून बघितलं. धनश्रीनं घातलेले एकशे दहा टाके आठ वर्षांपूर्वीच्या भैरूआबांचे होते. आताचा माणूस दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं आत आला होता.

"म्हणजे नेहमीपेक्षा जास्त घटवावं लागणार," मी म्हटलं.

म्हाळसाबाई त्या पाठीवर हात फिरवत बसल्या. "तिला ठावंच न्हाई बघा," त्या म्हणाल्या, "बाप किती उतरलाय त्ये." मग त्यांनी सुया उचलल्या आणि दोनाचा एक केला.

त्यांचा हात लोकर कातलेला, घट्ट. दहा नंबरच्या सुईवर त्यांचा टाका इतका आवळला जाई की लेकीच्या विणीला शेजारी धरवेना. मी नऊ नंबरची, म्हणजे जरा जाड सुई दिली. तरी मुंढ्यावर दोन हातांची रेघ दिसतच राहिली. खाली सैल, पिळाचं. वर आखीव, दाटून बसलेलं. मी म्हटलं, खालच्या चार ओळी उसवून तुमच्या हातानं घ्या, रेघ थोडी मोडेल. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जन्मात पहिल्यांदा उसवायचा आग्रह सोडला.

"असू द्या रेघ," त्या म्हणाल्या. "तिचं तितवर, माझं तितनं."

शिष्या म्हणून त्या विचित्र होत्या. टाके मोजायच्या विसांनी, पाच विसा आन् धा, आणि एकाला एक न म्हणता लाभ म्हणायच्या, खळ्यावर धान्य मापताना म्हणतात तसं. दुसऱ्या बायका हसायच्या. पण एखादा टाका गळला तर मोजायच्या आधीच त्यांना कळायचं. सुईवर नुसती नजर टाकून म्हणायच्या, "ह्यातलं एक न्हाई." मी मोजून बघायची तर खरंच एक कमी. मेंढरं कधी आकड्यानं मोजली नाहीत, म्हणाल्या. तोंडं बघायची. जे नसतं ते पहिलं दिसतं.

पुढची बाजू त्यांनी स्वतः विणली. गळ्याचे मधले टाके बाजूला ठेवून दोन्ही खांदे वेगवेगळे वर नेणं, बाहीला मनगटापासून टाके वाढवत जाणं आणि वर पुन्हा घटवून तिला मुंढ्याचा उतार देणं, सगळं शिकल्या. जोडायला बसल्या तेव्हा मात्र मीच गप्प झाले. टाक्याला टाका लावून अशी जोडणी केली की शिवण बोटाला लागू नये. घोंगडीच्या दोन पट्ट्या जोडायची सवय, दुसरं काय. वर्गाला येणाऱ्या बँकेतल्या साहेबांच्या बायकोला मी ती जोडणी दाखवली आणि म्हटलं, हे बघा, याला शेवट म्हणतात. शेवट नीट नसेल तर महिनाभराचं विणकाम फुकट.

तोंडातून निघालं ते माझ्याच अंगाशी आलं.

दिवाळीच्या आधीचा शुक्रवार. गळ्याभोवतीचे टाके उचलून, चार सुयांवर गोल पट्टी विणून, म्हाळसाबाई टाके बंद करत आल्या. डाव्या खांद्यावर शेवटचा एक टाका उरला. तो त्यांनी साध्या पिनेत अडकवला आणि म्हणाल्या, "झालं."

"झालं कुठं? लोकर तोडा, टाक्यातून ओढून घ्या आणि टोक आत लपवा."

"ऱ्हाऊ द्या त्ये," म्हणून त्या मागच्या अंगणात पाणी प्यायला गेल्या.

मला वाटलं, थकल्या. एवढा देखणा स्वेटर आणि गळ्याला पिन लोंबतेय. माझी बोटं शिवशिवायला लागली. मी टाका बंद केला, लोकर तोडली, सुईनं टोक आत ओवून असं लपवलं की मलाही परत सापडू नये. दोन मिनिटांचं काम. त्या आल्या, स्वेटर हातात घेतला, आणि नुसतं बघूनच त्यांना कळलं. त्या खाली बसल्या, सुईच्या टोकानं माझं लपवलेलं टोक शोधलं, उकरून काढलं, टाका उघडला आणि परत पिनेत घातला. अर्धा तास लागला.

"बाई, तुमी हुशार हायसा," निघताना त्या म्हणाल्या. "पर ह्ये काम तुमचं न्हवतं."

तीन आठवडे त्या आल्या नाहीत. मी मंगळवारी आणि शुक्रवारी एसटीच्या वेळेला खिडकीत जाऊन उभी राहायची आणि कुणी बघितलं की पडदा झटकायची. मनात म्हणायची, माझं काय अडलंय? पण अडलं होतं.

तुळशीचं लग्न झाल्यावर त्या आल्या. साधी पिन गंजते आणि डाग पडतो, चांगली पिन आहे का, म्हणून. मी आधी माफी मागितली. मला ते जमत नाही, त्यामुळे फार वाईट मागितली. मग त्यांनी सांगितलं.

"माझ्या सासऱ्याचा माग हुता. घोंगडीचा ताणा ज्यानं घातला, शेवटची गाठ त्यानंच मारायची, असं आमच्या घरात. दुसऱ्यानं मारली तर घोंगडी करणाऱ्याची आन् पांघरणाऱ्याची कायमची ताटातूट हुती."

"आणि ताणा घालणारा परत आलाच नाही तर?"

"तर गाठ मारायची न्हाई. दशी लोंबती ऱ्हाती. घोंगडीला काय हुतंय?"

"घोंगडीला काही होत नाही हो. पण हे विणकाम आहे. हा एक टाका सुटला की त्याच्या मागचा सुटतो, मग त्याच्या मागचा. सगळा गळा मोकळा होईल."

"ठावं हाय," त्या म्हणाल्या. "म्हणून तर पिन मागाया आले."

माझ्याकडे टाके अडकवून ठेवायची एक जाड, न गंजणारी पिन होती. ती मी दिली. सुरू केलेलं काम असं उघडं सोडून माझ्या वर्गातून बाहेर पडलेला तो पहिला स्वेटर.

घरी त्यांनी तो भैरूआबांच्या बाजेवर ठेवला आणि म्हशीची धार काढायला गेल्या. आल्या तर आबा स्वेटर उलटा-सुलटा करून बघत होते. मुंढ्यावरच्या रेघेवर त्यांचं बोट थांबलं. मग गळ्याची पिन दिसली.

"बंद का न्हाई केला?"

"मी सुरू न्हाई केला," म्हाळसाबाई म्हणाल्या.

आबांनी पिनेवरून एकदा बोट फिरवलं. मग डोक्यावरून स्वेटर घातला आणि रानात गेले. त्यावर बोलणं नाही. त्या चंपाषष्ठीला तळी उचलताना तोच अंगात होता. एका पाहुण्यानं पिनेला हात लावला तर त्याच्या हातावर चापट बसली. म्हाळसाबाई मला हे सगळं येऊन सांगायच्या. आता त्या नव्यानं विणायला काही घेत नव्हत्या, तरी यायच्या. बसायच्या, दुसरीचे टाके बघायच्या, एखादं नसलेलं दाखवायच्या. "मला वाटलं हुतं, एकदा त्यांच्या अंगात गेला की माझा जीव शांत हुईल," एकदा म्हणाल्या. "उलट वाढलं बघा. त्यांच्या पाठीकडं बघितलं की तिचीच आठवण हुती, आन् दिवसभर पाठच दिसती."

पौषातली सकाळ. वर्गाचा दिवस नव्हता. दार वाजलं म्हणून उघडलं तर समोर उंच, वाळलेला म्हातारा, लाल फेटा, धोतर, आणि डावा खांदा उजव्या हातानं घट्ट धरलेला. आधी वाटलं, छातीत दुखतंय. मग तपकिरी स्वेटर दिसला.

"बाई, पिन तुटली," भैरूआबा म्हणाले.

म्हशीचं दावं खांद्यावरून ओढताना पिनेत अडकलं होतं. सहा टाके सुटले होते. सातवा त्यांनी अंगठा आणि बोट यांच्यात दाबून धरला होता. न्हावऱ्याहून शिरूरपर्यंत एसटीत ते असेच आले होते, कंडक्टरनं दोनदा विचारलं म्हणे, आबा, गळा दुखतोय का. बोटं पांढरीफटक पडली होती. मी खुर्ची दिली. ते बसले. ज्या दारासमोर ओरडून गेले होते त्याच दाराच्या आत.

"त्या वक्ताला गल्लीत वरडलो हुतो," जमिनीकडे बघत म्हणाले.

"हो. सगळ्या गल्लीनं ऐकलं होतं."

"हां," म्हणाले. तेवढीच त्यांची माफी, आणि माझ्यापेक्षा बरी होती.

मी सुई आणि लोकर घेतली. "सोडा आता हात. दोन मिनिटांत बंद करून देते."

त्यांनी हात सोडला नाही. "बंद न्हाई करायचं."

"मग?"

"दौंडपातूर टिकंल एवढं करून द्या."

मी लोकर खाली ठेवली. ते खिडकीबाहेर बघत होते. "भंडारा तिनं उचललाय," ते म्हणाले. "तिला जाता यायचं न्हाई. मी नुसतं तोंडानं बोललो हुतो." त्यांच्या त्या सोयीबद्दल मी महिनोन्‌महिने वाईट बोलले होते. त्या सकाळी ती सोय होती म्हणून मी देवाचे आभार मानले.

त्यांच्या बोटांतून सातवा टाका मी सुईवर घेतला, मागचे सहा उचलले, आणि सगळ्यांतून पांढरा सुती दोरा ओवला. एका ओढीत सुटेल अशी गाठ मारली. दोरा तात्पुरता आहे हे धनश्रीला कळेल, तिला मीच शिकवलं होतं ते. आबांनी खांदा हलवून बघितला आणि स्टँडकडे निघाले. खरं म्हणजे ते न्हावऱ्याहून उलट दिशेला आले होते. दौंडची गाडी त्यांना परत न्हावऱ्यावरूनच नेणार होती.

त्या गाडीच्या वेळी, आबा परततील म्हणून, म्हाळसाबाई फाट्यावर उभ्या होत्या. गाडी थांबली. खिडकीत आबा होते. "जाऊन येतो," एवढंच म्हणाले. आता गरज नव्हती तरी त्यांनी हात गळ्यावरच धरला होता. म्हाळसाबाई एसटीच्या पत्र्याला हात लावून उभ्या राहिल्या. कंडक्टर म्हणाला, मावशी, चढायचं का? त्या म्हणाल्या, न्हाई. गाडी गेल्यावरही खूप वेळ त्या तिथून हलल्या नाहीत, हे त्यांनीच मला सांगितलं.

मंगळवारी त्या वर्गाला सगळ्यांच्या आधी आल्या. पिशवीतून स्वेटर काढला. आज ऊन आहे म्हणून एका दिवसासाठी काढून घेतला, म्हणाल्या.

"आबा काय म्हणाले?"

"बरी हाय, म्हनलं. येत्या चंपाषष्ठीला जेजुरीला जाऊन माझा भंडारा सोडवून घेऊ, म्हनलं. ज्या दिसाला उचलला त्याच दिसाला सुटतो." मग बोटांवर मोजून म्हणाल्या, "सोळा विसा दिस हायेत अजून."

"आणि तिनं काही निरोप?"

"मी इचारलं न्हाई. इचारलं तर बोलल्यावानी हुतं." त्यांनी स्वेटरचा गळा माझ्यापुढे धरला. "तुमी बघा, बाई. मी बघितलं ते खरं हाय का सांगा."

मी चष्मा लावला. डाव्या खांद्यावर, म्हाळसाबाईंच्या आखीव टाक्यांच्या रांगेत, शेवटचे सात टाके सैल होते. प्रत्येकाला बारीक पीळ. आठ वर्षांत कार्टीनं खोड सोडली नव्हती.

"तिचेच आहेत," मी म्हटलं, आणि चष्मा काढून पुसला.

म्हाळसाबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि खाली घेतला. "भंडाऱ्यात न्हाई बोलायचं, न्हाई बघायचं, न्हाई नाव घ्यायचं, एवढंच हुतं," त्या म्हणाल्या. "हात लावायचा न्हाई असं काय ठरलं न्हवतं."

बाकीच्या बायका यायला लागल्या. त्या खिडकीशी सरकून बसल्या, स्वेटर मांडीवर घेतला आणि गळ्यावर अंगठा ठेवला. एकेका टाक्यावरून अंगठा पुढे नेत हलकेच मोजायला लागल्या. लाभ, दोन, तीन. सातापर्यंत गेल्या, आणि परत लाभपासून सुरू केलं.